कोपऱ्यातलं बटण

शिशिर सरत आला होता. परसातला शेवगा शुभ्र फुलोऱ्याने लवला होता, आणि कोवळं, केशरकांती ऊन खिडकीच्या गजांतून इंदुमतीच्या मांडीवर उतरलं होतं. उजवा हात त्या उन्हात निश्चल पडला होता. डावा जागा होता.

पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची वाचा गेली. भरल्या एस.टी.ला दम भरणारी, 'पुढं सरका' म्हणताच पैलवानालाही सरकवणारी ती खणखणीत, घंटानादी वाचा! बुद्धी शाबूत, डोळे बोलके. ओठ तेवढे मुके. मोबाइलवर लिहू पाहिलं, तर काचेवरून बोट घसरे. मग तिने तो उशाखाली सारला, आणि हळूहळू कुणाकडे पाहणंही सोडलं. तिच्या एका शब्दासाठी तिचा नवरा, दिगंबर, तहानला होता.

तो एस.टी. आगारातला निवृत्त इलेक्ट्रिशियन. तिकिटांची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. कंडक्टर इंदुमती डाव्या तळव्यात यंत्र धरून डाव्याच अंगठ्याने बटणं दाबायची; उजवा हात सुट्ट्या पैशांचा. तो अंगठा काही विसरला नसेल, या एका आशेवर त्याने मोडीत निघालेलं यंत्र मिळवलं, बटणांच्या केसाएवढ्या तारा सोडवल्या, आणि स्टीलच्या डब्यात स्वतः बांधलेल्या संगणकाला त्या एकेक करून जोडल्या. झिजल्या बटणांवर पांढऱ्या रंगाने अक्षरं रेखली. त्याला जोडलेल्या जुन्या टीव्हीचा पडदा निळा, निळा उजळला.

त्याने यंत्र तिच्या डाव्या तळव्यात ठेवलं. अंगठा बटणांवरून फिरला, थबकला. तिने मान हलवली आणि कोपऱ्यातलं एक बटण दाखवलं. चालत नाही.

दिगंबरचं काळीज खचलं. त्याने यंत्र उघडलं, पुसलं, तारेला पुन्हा डाख दिला, दाबून पाहिलं. पडद्यावर टपोरं अक्षर उमटलं. बटण उत्तम होतं. त्याने यंत्र परत दिलं. तिने पुन्हा तेच दाखवलं. तेच, कोपऱ्यातलं.

आणि त्याला आगारातली आपली दुरुस्तीची खिडकी आठवली. संध्याकाळची फेरी संपवून, धूळधूसर, घामेजली, ती यायची. "हे कोपऱ्यातलं बटण अडकतंय बगा." बटण धडधाकट असायचं. तो ते जाणून होता, तरी यंत्र खोलायचा आणि गंभीर मुद्रेने म्हणायचा, "येळ लागंल. बसा. च्या सांगतो." त्या ठणठणीत बटणापायी अख्खं लग्न जमलं, आणि खरं काय ते दोघांनीही कधी कबूल केलं नाही.

त्याने वर पाहिलं. तिचे अर्धेच ओठ हसत होते. पण हसू पुरतं होतं.

"काय बाई," त्याने विचारलं, "आजबी अडकलं व्हय?"

तेव्हा डावा अंगठा निघाला. घाटातल्या गाडीसारखा, हळूहळू, अक्षरामागून अक्षर चढवत. निळ्या पडद्यावर पांढरे शब्द उभे राहिले:

येळ लागंल. बसा.

तो बसला. बाहेर शेवगा फुलं गाळत होता, एक, आणि मग एक. ऊन तिच्या मांडीवरून त्याच्या मांडीवर आलं. चहा राहूनच गेला.