गळतं कुठे, दिसतं कुठे

मी एका जुन्या मोटारीचं इंजिन आहे. मित्रांनो, स्वस्थ बसणं मला जमतच नाही. फिरत असलो की मी सुखी. थांबलो की जीव नुसता खालीवर होतो.

तापलेल्या ओतीव लोखंडातून मी घडलो आणि एका बसड्रायव्हरच्या घरी आलो. मालक आठवडाभर बस चालवत आणि सुट्टीच्या दिवशी मला. त्यांच्या मुलाला शाळेत, बायकोला माहेरी, शेजारच्या आजाऱ्यांना दवाखान्यात मीच पोचवलं. "हाक मारायचा अवकाश, लगेच ओ देतो," असं ते माझं कौतुक करत.

पुढे माझ्या अंगातून तेल गळू लागलं. फरशीवर काळे डाग पडले, शेजारी नाकं मुरडू लागले आणि एक दिवस माझ्यावर ताडपत्री आली. तिच्याखाली मी किती तळमळलो, ते माझं मला ठाऊक.

मग घरात सून आली. ती नर्स होती. तिने सासऱ्यांना भरीस घातलं. मेकॅनिकने मला उतरवलं, सुटं करून धुतलं, तेल अडवणारी नवी सीलं आणि पॅकिंग घालून पुन्हा गाडीत बसवलं. किल्ली फिरली आणि मी धडधडू लागलो. सगळे हसले. तेवढ्यात गाडीखाली पसरलेल्या कागदावर, माझ्या आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली, तेलाचा थेंब पडला. मग दुसरा.

मेकॅनिकने वाकून पाहिलं. मागचं सील गेलंय, इंजिन परत उतरवावं लागेल, असं त्याने सांगितलं. मालकांचा चेहरा पडला.

"एवढी उस्तवार आता माझ्याच्याने पुन्हा व्हायची नाही," ते म्हणाले. "भंगारवाल्याला बोलवा."

माझा जीव टांगणीला लागला. सील ठणठणीत होतं! तेल वरून ओघळत होतं. पण मला वाचा कुठे? मी जोराने थरथरलो, तर त्यांनी मला बंदच करून टाकलं.

सून मात्र जागची हलली नाही. "बाबा, जखम पुसल्याशिवाय रक्त कुठून येतंय ते कळत नाही. आधी ह्याला पुसू या."

रॉकेलच्या फडक्याने तिने मला लख्ख पुसलं, कोरडं केलं, अंगभर पावडर भुरभुरली आणि मला सुरू करायला लावलं. हळूहळू पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ उमटली. सुनेने माझ्या पाठीमागे छोटा आरसा धरला. रेघ वर वर जात थेट माझ्या डोक्यावरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यात पोचली होती. तिथलं पॅकिंग बसवताना दुमडलं होतं. मेकॅनिक ओशाळून हसला आणि त्याने लगेच ते बदललं.

त्यानंतर मालकांनी मला बराच वेळ चालू ठेवलं. गुडघ्यावर हात टेकत ते स्वतः खाली वाकले. कागद कोरडा होता. त्यांनी दार उघडून सुनेला पुढे बसवलं.

"कुठे जायचं, ते आता तू सांग," ते म्हणाले.

मित्रांनो, डाग दिसला म्हणून आमच्यासारख्या जुन्यांना भंगारात काढू नका. एकदा पुसून, नीट निरखून बघा. आणखी खूप सांगायचं होतं, पण तिने रस्ता सांगितलाय, गिअर पडलाय. आता मला थांबवत नाही.