चार नंबरच्या मशीनला फोल्डर दिसेना

खंडेनवमीला आमच्या अंबडच्या कारखान्यात मशीनना हार घालतात आणि मेन स्विच पाडतात. यंदा ऑफिसातला कॉम्प्युटरही बंद केला. वर्षभर तो कुणी बंद केला नव्हता. दसऱ्याची सुट्टी संपली, सकाळी मी चार नंबरच्या मशीनवर प्रोग्राम मागवला. स्क्रीनवर आलं, फोल्डर मिळत नाही.

सगळ्या मशीनचे प्रोग्राम त्या एका कॉम्प्युटरवर असतात. मशीन केबलवरून तिथून फाइल उचलतं. हे प्रोग्राम लिहिते हर्षाली. सटाण्याकडची, तीन वर्षं कंत्राटावर. गेल्याच आठवड्यात तिनं कायम करा म्हणून अर्ज दिला होता. साहेबाला तेवढं पुरलं.

"राग काढलास ना? चारचे प्रोग्राम उडवलेस!"

"सर, मी दोन दिवस गावी होते."

"कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. दुपारी पत्र घे आणि घरी जा."

एकदा फोल्डर उघडून बघावं, एवढंही या माणसाला सुचलं नाही. पत्र मात्र लगेच टाइप झालं. आम्ही तीसजण खाली माना घालून उभे. मीही.

तोंड उघडलं ते शहजादनं, आमच्या इलेक्ट्रिशियननं.

"साहेब, बाकीची मशीन चालू हायेत. उडवलं असतं तर फोल्डर रिकामं दिसलं असतं. चारला तर आतच घेत नाय. तुम्हीच बसा खुर्चीत, तुम्हीच उघडा."

साहेबानं उघडलं. चारशे बारा फाइल, सगळ्या जागच्या जागी.

"मग मशीनला का दिसत नाहीत?"

आता हर्षाली बोलली. "सर, फाइल देण्याघेण्याचे नियम दोन्हीकडे सारखे लागतात. चार नंबर जुनं, त्याला जुनेच नियम येतात. ते आता धोक्याचे, व्हायरस शिरतो, म्हणून नव्या अपडेटनं बंद केले. अपडेट कधीचं येऊन पडलं होतं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला तेव्हा ते लागलं."

"म्हणजे पूजेनं घोटाळा केला?"

"पूजेनं नाय साहेब," शहजाद म्हणाला, "वर्षभर बंद न केल्यानं."

पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.

स्टोअरमधून एक जुना कॉम्प्युटर काढला. त्याला जुने-नवे दोन्ही नियम येतात. त्याचं इंटरनेट तोडून तो मध्ये बसवला. हर्षालीनं चारच्या फाइल त्यावर टाकल्या. अडीच वाजता मी बटण दाबलं, प्रोग्राम आला, टूल फिरलं. इतकं मोकळं मला पगाराच्या दिवशीही वाटत नाही.

साहेब केबिनकडे निघाला.

"सर," मी म्हणालो, "ते पत्र. इथंच फाडा, सगळ्यांसमोर."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग माझ्यामागच्या बाकीच्यांकडे. आता माना वर होत्या. त्यानं खिशातून कागद काढला आणि फाडला. माफी नाही मागितली, ती त्याला जमत नाही.

हर्षाली फोन घेऊन दाराशी गेली. सकाळी तिनं रडत घरी कळवलं होतं.

"काही नही वं माय," ती अहिराणीत आईला सांगत होती, "नोकरी शे. आते जेवस मी."