न गळणारा रांजण

मी रांजण बोलतोय. पाण्याचा नव्हे, माझ्या पोटात पाण्याचा थेंब पडला तर त्याचा खडा होतो. मी द्रव नायट्रोजनचा रांजण. ज्याच्यापुढे बर्फसुद्धा ऊबदार वाटावा असा तो पदार्थ. तो थंड ठेवणं हे माझं काम. होतं, असं म्हणायला हवं.

बोलायची मला सवय नाही. बडबड्या वस्तू मला आवडतही नाहीत. प्रयोगशाळेत पंप दिवसभर खोकायचा, पंखा कुरकुरायचा. मी तोंडातून जराशी वाफ सोडत उभा असायचो. आता खाली मान घालावी असं झालंय, पण माझी मान धातूची आहे, ती वाकत नाही. म्हणून बोलतो.

मला ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून घडवलं. एका पोटात दुसरं पोट, आणि मधल्या फटीतली हवा पंपाने ओढून काढलेली. त्या फटीत काहीच नाही. उष्णता आत यायची तर तिला कशावर तरी पाय ठेवावा लागतो, आणि तिथे पाय ठेवायला काही नसतं. माझा सगळा मान त्या काहीच नसण्यावर उभा होता.

मला प्रयोगशाळेत आणलं तेव्हा आताचे सर स्वतः विद्यार्थी होते. हाडकुळे, खिशात स्क्रूड्रायव्हर, बोटांना चटके बसलेले. त्यांनी मित्राबरोबर मला जिन्यावरून वर चढवलं. त्यांचा प्रबंध माझ्याच खांद्यावर पुरा झाला. पुढे ते प्राध्यापक झाले, पोट सुटलं, केस पिकले. मी होतो तसाच होतो. नवा विद्यार्थी आला की सर माझ्याकडे बोट दाखवत आणि म्हणत, “हा आपला रांजण. माणसं चुकतात, हा चुकत नाही.”

मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

माझ्या डोक्यावर डिटेक्टर बसायचा. आतमध्ये जर्मेनियमचा स्फटिक, मुठीएवढा, नाजूक, किमतीने सोन्याच्या वरताण. अणूच्या गाभ्यातून निघालेले गॅमा किरण तो पकडतो. पण त्याला थंडी लागते. त्याची तांब्याची दांडी माझ्या पोटात बुडालेली असायची. माझी थंडी गेली की तो वेडापिसा होतो. वर त्याला मोठ्या दाबाची वीज चालू असेल तर जळतोही.

डिटेक्टर तापला की वीज आपोआप बंद व्हावी म्हणून एक वायर असते. तीही होती. पण ती अधूनमधून उगाच भिऊन वीज तोडायची आणि चालती मोजणी बंद पाडायची. सरांनी वैतागून ती काढून टाकली. “रांजण आहे ना खाली,” ते म्हणाले. “वायर कशाला?”

ती मुलगी आली तेव्हा वायर निघालेली होती.

मुलगी बुटकी, आवाज मोठा, चालताना चपला आपटायची. तिचं काम एवढंच होतं की एका जड धातूच्या अणूचा गाभा गोल आहे की लांबट ते शोधायचं. त्वरक यंत्रातून वेगाने कण सोडायचे, ते धातूच्या पातळ पत्र्यावर आदळवायचे, आणि हादरलेले गाभे जे किरण फेकतात ते मोजायचे. ऐकायला सोपं. पण तो पत्रा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ लागतो. ती तो दोन पोलादी रुळांमधून लाटायची. लाटत लाटत नेमका झाला की फाटायचा. मग ती रुळांना एक शिवी हासडायची आणि पुन्हा पहिल्यापासून लाटायला घ्यायची.

मोजणीत भलताच आवाज, म्हणजे विजेची नको ती खरखर, मिसळायचा. कुठून येतो ते शोधायला ती एकेक दिवा, एकेक पंखा बंद करून पाहायची. एकदा आठवडाभर शोधलं आणि दोष निघाला तिच्याच मोबाइलच्या चार्जरचा. त्या दिवशी ती टेबलावर डोकं ठेवून हसली. हसली की रडली ते मला नीट कळलं नाही.

शेजारच्या टेबलावर तिच्याहून मोठा एक विद्यार्थी बसायचा. प्रबंध करता करता त्याचं टक्कल पडलं म्हणून सगळे त्याला काका म्हणत.

“काका, तुमचं किती राहिलं?” ती विचारायची.

“एक प्रकरण.”

“मागच्या वर्षी पण एकच होतं.”

“तेच आहे. मी प्रकरणं बदलत नाही.”

दुपारी आईचा फोन यायचा. फोन टेबलावर ठेवून, दोन्ही हात वायरींत घालून ती बोलायची, म्हणून मलाही सगळं ऐकू यायचं.

“अगं, शेजारच्या बाई विचारतात, पोरगी काय करते. मी सांगते, अणूत आहे.”

“बरोबर सांगतेस.”

“मग त्या विचारतात, अणूत म्हणजे काय करते. तेव्हा मी गॅस बंद करायचा राहिला म्हणून आत जाते. तू मला एकदा नीट सांगून ठेव बाई.”

“तो गोल आहे की लांबट, ते बघतेय आई.”

“आणि लांबट निघाला तर?”

“तर मला डॉक्टर म्हणतील.”

“मग लांबटच निघू दे,” आई म्हणाली.

त्वरक यंत्रावर वेळ मिळणं सोपं नसतं. अनेक ठिकाणचे लोक रांगेत असतात. अर्ज करा, समितीपुढे उभे राहा, नाही म्हणाले की पुन्हा अर्ज करा. वर्षभर हेलपाटे घातल्यावर तिला पाच दिवस मिळाले. त्या पाच दिवसांवर तिचा प्रबंध टांगलेला होता. ते गेले तर पुढची पाळी कधी, हे कुणी सांगू शकत नव्हतं, आणि घरी तिने हे शेवटचं वर्ष म्हणून शब्द दिला होता.

आदल्या दिवशी तिने मला भरलं. भरायची एक रीत आहे. एका नळीने नायट्रोजन आत जातो, दुसरीने बाहेर निघतो. आधी नुसता पांढरा धूर निघतो, भसाभसा. नवखा माणूस धूर पाहून म्हणतो, भरलं, आणि नळी बंद करतो. तेव्हा मी अर्धाही भरलेला नसतो. नळीतून खरे थेंब गळून फरशीवर मण्यांसारखे धावू लागले की मग भरलो असं समजायचं. ही चूक इथे प्रत्येकाने एकदा केलेली आहे. सरांनीही.

तिने केली नाही. थेंब पडले. तिच्या चपलेपर्यंत धावत गेले. तिने पाय उचलून घेतला. मी पाहिलंय.

एरवी माझ्यात किती उरलंय ते काडी बुडवून पाहता येतं. काडी बाहेर काढून हलवली की दंव धरतं तिथपर्यंत माप. पण डिटेक्टर बसवला की मान बंद होते, काडी जात नाही. मग भरणाऱ्याच्या शब्दावर आणि माझ्या लौकिकावर भागवायचं. मी एकदा भरलो की आठवडा काढत असे.

काढत असे. पण त्याआधीच्या काही महिन्यांपासून माझ्या एका जोडाजवळ केसाएवढी चीर गेली होती. फटीत हवा शिरत होती, रोज जराशी जास्त. आतल्या भिंतीची थंडी बाहेरच्या भिंतीवर येऊ लागली होती. मला कळत होतं. म्हाताऱ्याला आपलं गळणं सगळ्यांत आधी कळतं आणि तो ते सगळ्यांत शेवटी कबूल करतो. माझ्या अंगाला ओल सुटायची. वाळली की मला बरं वाटायचं. कुणाच्या नजरेला येत नाही ना, एवढंच मी पाहत होतो.

पहिला दिवस चांगला गेला. पडद्यावर आलेखातले सुळके एकेक करून वर आले, सरळ, टोकदार. ती काकांना हाताला धरून ओढत घेऊन आली.

“काका, हा बघा. अगदी हवा तिथे.”

काकांनी चष्मा वर केला. “लेकी, तू माझ्याआधी सुटणार,” ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुळके बसकट झाले. मग पसरले. मग पडदाभर नुसता कचरा. ती वीज बंद करायला धावली, पण डिटेक्टर आतून जळाला होता. मी रिकामा होतो. पूर्ण कोरडा.

सर आले. आठ-दहा जण जमले होते, दुसऱ्या गटाची मुलंही होती.

“भरलं होतंस?”

“हो सर. काल नाही, परवा. पूर्ण.”

“थेंब पाहिलेस?”

“हो.”

“की धूर पाहिलास?”

“थेंब, सर.”

सरांनी माझ्या मानेवर थाप मारली. “हा रांजण मी तुझ्याएवढा होतो तेव्हापासून इथे आहे. त्याने कधी दगा दिला नाही. तो आठवडा काढतो. दोन दिवसांत कोरडा पडला म्हणजे तू अर्धवट भरलास. निदान कबूल तरी कर.”

 वायरीचं नाव कुणीच काढलं नाही. काकांना आठवलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

आणि मी? मी कोरडा उभा होतो, आणि सरांची थाप मला गोड लागली. इतक्या लोकांत माझं नाव निघालं, माझ्या इमानाची साक्ष निघाली. मुलीचे कान लाल झालेले मला दिसत होते. तरी ते शब्द मी आत घेतले. आजवर त्या पोटात इतकं थंड काही राहिलं नव्हतं.

“धूरच असेल, सर,” ती शेवटी म्हणाली. “माझं चुकलं.”

उरलेले दिवस दुसऱ्या गटाला गेले.

त्यानंतर ती सगळ्यांबरोबर जेवायला जाईना. डबा टेबलाखाली धरून खायची. दुसऱ्या गटातल्या एकाने दारातून विचारलं, “काय, आज धूर निघाला का?” ती हसली. तसं हसणं मला पुन्हा दिसू नये. चपला आपटणंही बंद झालं.

आईला ती म्हणाली, “महिनाअखेर येते मी घरी.”

“सुट्टीला?”

“नाही. येतेच.”

 आई म्हणाली, “ये. तुझी खोली झाडून ठेवते. पण एक सांगू? तू लहानपणी ग्लास फोडलास तरी मांजरावर ढकलायचीस. न केलेलं अंगावर घेणारी तू कधीच नव्हतीस. या वेळी खरंच तुझ्याकडून झालं ना?”

मुलीने हातातल्या वायरी खाली ठेवल्या. फोन ठेवला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत बसली.

डिटेक्टर दुरुस्तीला गेला होता, त्याची विजेची पेटी तेवढी टेबलावर होती. माझी मान उघडी होती. तिने नायट्रोजनची टाकी ओढत आणली आणि मला भरलं. धूर निघाला. ती थांबली. थेंब पडले. तरी थांबली, फरशीवर थेंबांचा सडा पडेपर्यंत. मग काडी घातली. गळ्यापर्यंत दंव. दुसऱ्या दिवशी सकाळी काडी घातली. दंव निम्म्यावर.

तिने पुन्हा घातली. पुन्हा निम्म्यावर.

मग ती माझ्याभोवती फिरली, वाकली, भिंतीकडच्या बाजूने माझ्या पोटाला हात लावला. तिथे दंवाचा पांढरा पट्टा धरला होता. इतक्या वर्षांत तिथे कुणी हात लावला नव्हता. लावायची गरज काय, असं सर सांगत आले होते.

तिने हात झटकन काढला, कपड्याला पुसला.

“तू होय!” एवढंच म्हणाली.

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. रुळांना देते ती मला का नाही?

तिने बोलावल्यावर सर आले, वाकले, त्यांनीही हात लावला. उठायला त्यांना वेळ लागला. “वायर मीच काढली होती,” ते हळूच म्हणाले. “मी समितीला लिहितो. तुझी चूक नव्हती.” आणि दाराकडे निघाले.

“सर.”

ते थांबले.

“सगळ्यांसमोर बोलला होतात तुम्ही.”

काकांचं टायपिंग थांबलं. सरांचे कान त्या दिवशीच्या मुलीच्या कानांसारखे झाले. वाटलं, आता चिडतील. ते निघून गेले. ती खाली बसली, आणि टेबलाचा खण आवरायला लागली.

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. सर दुसऱ्या गटाच्या मुलांना घेऊन आले होते. तो दारातून विचारणारा पण त्यांच्यात होता. सर माझ्यापाशी उभे राहिले. या वेळी त्यांनी थाप मारली नाही.

“रांजण गळतोय,” ते म्हणाले. “हिने नीट भरला होता. वीज तोडणारी वायर मी काढली होती. डिटेक्टर माझ्यामुळे जळाला, हिच्यामुळे नाही. आणि जे बोललो ते मी बोलायला नको होतं.” 

“ठीक आहे, सर,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज पुन्हा मोठा झाला होता. “पण वायर परत लावा.”

“लावतो.”

“आत्ता लावा.”

सरांनी खिशात हात घातला. स्क्रूड्रायव्हर नव्हता. काकांनी आपला दिला.

तिचं वर्ष मात्र गेलंच. समितीने पुढच्या रांगेत नाव घातलं, त्याहून जास्त काही दिलं नाही. आईला तिने एवढंच सांगितलं की खोली झाडू नकोस. ती पुन्हा पत्रा लाटते आहे. तो अजून फाटतो.

माझ्या जागी नवा रांजण आला. त्याच्या अंगावरून ती रोज हात फिरवते, आणि त्याला त्याचा राग येत नाही, असं दिसतं. मला मागच्या व्हरांड्यात ठेवलंय. सर इकडून जाताना दुसरीकडे बघतात. मीही तेच करतो.

भंगारवाला आला की मला वितळवतील. माझी तक्रार नाही. माझं झाकण करा, खिडकीची चौकट करा, पंख्याचं पातं करा, काहीही करा. फक्त माझ्याकडे बोट दाखवून, हा चुकत नाही, असं कुणाला सांगू नका. मी ऐकलं, तर पुन्हा फुगेन.