उपाशी नाही

"रात्रीपासून काही खाल्लं नाहीस ना?"

"ताई, तू स्वयंपाकघराला कुलूप लावलं होतंस. खाणार काय, उशी?"

माझा धाकटा भाऊ बाही वर करून बसला होता. तो बस चालवतो. काडी पहिलवान, अंगावर मूठभर मांस नाही. त्याच्या रक्तात चरबी असेल म्हटलं तर लोक हसतात. तोही हसतो. "ठेवू कुठे, ताई? जागा आहे का?"

जागा असते. पोटावर दिसली नाही तरी चरबी यकृतात, स्वादुपिंडात साठते आणि आतल्या आत साखर बिघडवते. सव्वीस वर्षं मी प्रयोगशाळेत रक्त तपासते आहे, हे मला कोणी शिकवायला नको. आमचे वडील, अण्णा, असेच सडपातळ होते. बेचाळिसाव्या वर्षी पोट धरून खाली बसले, ते उठलेच नाहीत; रक्तातल्या चरबीने स्वादुपिंड सुजलं होतं.

यंत्रात रक्ताची नळी फिरवली की वर पिवळसर, नितळ पाणी यायला हवं. चरबीमुळे ते दुधासारखं आलं, तर माणूस खाऊन आला होता का ते विचारायचं आणि पुन्हा उपाशी बोलवायचं, अशी आमची पद्धत. जेवणानंतर असं होऊ शकतं; उपाशीपोटीही दूधच आलं, तर मात्र तो आजार. भावाच्या नळीत दोनदा दूध आलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "भरपेट खाऊन आलो होतो." मी 'उपाशी नाही' असं लिहून मोकळी झाले. इतरांना मी उलटतपासणी घेऊन हैराण करते. याच्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचाच होता.

तिसऱ्या खेपेला मात्र त्याला आदल्या रात्री माझ्याच घरी झोपवलं.

यंत्र थांबलं. मी नळी उचलली. वरचा भाग पांढराशुभ्र होता.

तो दारात येऊन उभा राहिला होता.

"म्हणजे तेव्हाही उपाशीच होतास?"

"हो."

"मग खोटं का बोललास?"

"साखर आधीच वाढलीय. त्यात हे कागदावर आलं तर बसवरून उतरवतील." तो नळीकडे बघत नव्हता. "आणि यंदा मला बेचाळिसावं लागलंय, ताई. वाटलं, तू लिहीत नाहीस तोवर काही झालेलं नाही."

मला रडू आलं आणि रागही आला, स्वतःचाच जास्त. आमच्या दोघांच्या खोट्यात सात महिने गेले होते. मी कागद पुढे ओढला, 'उपाशी' असं लिहिलं आणि सही केली.

"चल, डॉक्टरांकडे. आत्ताच."

त्याने मान डोलावली, बाही खाली केली.

"आता खाऊ ना काहीतरी?"

रक्त दिल्यावर सगळे हेच विचारतात. इतकी वर्षं मी वरही न बघता 'खा' म्हणत आले. आज वर बघून म्हणाले, "काय खायचं ते आधी डॉक्टरांना विचारू."