बिशपनं पाठवलेला माणूस

“...त्याला म्हणे खुद्द बिशपनंच पाठवलंय, आपल्याकडे बघायला की—”

एवढंच माझ्या कानावर पडलं आणि बोलता बोलता डोरीननं, आमचं कॉफीचं बघणाऱ्या बाईनं, सिंकचा नळ सोडला. पुढचं सगळं पाण्याच्या आवाजात गेलं. आता कान म्हणजे काय, तर माझ्या दोन बाजूंच्या दोन कड्या. मी सेंट बार्नबस चर्चच्या हॉलमधला कॉफीचा बंब बोलतोय. खाली तोटी, वर झाकण, पोटात पुडीची चाळणी, आणि कॉफी झाली की पेटणारा तांबडा दिवा. झाकणाची मूठ कधीच तुटली, तिथे आता दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ बसवलंय.

चौकशा करायची मला खोडच आहे, ती मी लपवत नाही. रविवारी माणसं वर उपासना करतात आणि खाली येऊन माझ्यासमोर बोलतात. वर काय होतं ते मला भिंतीपलीकडून ऐकू येतं तेवढंच. पण खाली जे बोललं जातं ते देवालाही नसेल माहीत एवढं मला माहीत असतं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, त्याचं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते इथलं पहिलं पाणी. चर्चच्या बायकांनी जुन्या कपड्यांचा बाजार भरवून मला आणलं, आणि पहिल्याच रविवारी मला काठोकाठ भरलं. तेव्हा हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसे. टेबलाखाली पोरं, वर अंड्याची सँडविचेस, खिडकीशी पाईप ओढणारे बोटवाले. लग्नं झाली, मयताची जेवणं झाली, बिशप आले आणि गेले. आता मला निम्माच भरतात. तेवढंही उरतं, ते डोरीन सिंकमध्ये ओतते. उन्हाळ्यात तर मी कपाटातच असतो, कारण उन्हाळ्यात सगळ्यांना थंड चहा लागतो. कपाटात काय, नुसता काळोख आणि कागदी पेल्यांची चळत. ती बोलत नाही.

तर तो माणूस. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ, त्यातल्या पहिल्या रविवारी तो खाली आला. उंच, वाकलेला, लोकरीचा निळा स्वेटर कोपरावर रफू केलेला. त्यानं माझी तोटी फिरवली, कप भरला आणि तिथेच उभा राहिला. माणसं कॉफी घेऊन आपापल्या टोळक्यात जातात. हा गेला नाही. त्यानं एक हात माझ्या पोटावर ठेवला, थंडीत शेगडीवर ठेवतात तसा. बराच वेळ ठेवला. मला कुणी असं हात लावत नाही, चटका बसतो म्हणून.

त्याच्याशी कुणी बोललं नाही. आमची माणसं वाईट नाहीत हो. मयत झालं तर तुमच्या दारात तीन दिवस पुरेल एवढं जेवण आणून ठेवतील. पण इथे एक भानगड आहे. आमच्याकडे आठची मंडळी वेगळी आणि दहाची वेगळी. आठच्या उपासनेला गाणं नसतं, कॉफी नसते. ती माणसं येतात, प्रार्थना करतात आणि कॉलर वर करून निघून जातात. दहाची मंडळी गाते, गप्पा मारते, केक खाते. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. आठचा कुणी झोप लागली म्हणून दहाला आला, तर दहावाल्यांना तो परकाच.

दारावर स्वागताला वर्ना असते, वर्ना पेटिग्रू. शाळेत स्वयंपाक करायची, आता निवृत्त. तिनं एकदा अशाच एका म्हाताऱ्याला हसून विचारलं होतं, “पहिल्यांदाच आलात का?” तो म्हणाला, “बाई, माझा बाप्तिस्मा इथलाच. त्या खिडकीवर माझ्या आजोबांचं नाव आहे.” झालं. महिनाभर सगळं गाव हसत होतं. तेव्हापासून वर्नानं ठरवलं, कुणाला काही विचारायचं नाही. उपासनेचा कागद हातात द्यायचा आणि म्हणायचं, सुप्रभात.

आणि हा माणूस तर उभं कधी राहायचं, गुडघे कधी टेकायचे हे पुस्तक न उघडता जाणत होता. डोरीननं ते पाहिलं आणि शिक्का मारला, “आठवाला आहे.” पानं चाचपडत बसला असता तर शेजारच्या बाईनं बोट ठेवून पान दाखवलं असतं आणि खाली केकही वाढला असता.

दुसऱ्या रविवारी तो पुन्हा आला. पुन्हा माझ्यापाशी. त्याच्या खिशातला फोन वाजला, लेकीचा असावा, आणि तो भिंतीकडे तोंड करून हळू बोलू लागला. मी काय करणार, मी तिथेच होतो.

“हो गं, आलोय. कॉफी पितोय... नाही, अजून कुणी बोललं नाही. अगं, चार रविवार म्हटलेत ना, चार रविवार जाणार. नाही जमलं तर घर विकतो आणि येतो तुझ्याकडे ॲरिझोनाला... माहितीय, ऊन असतं. समुद्र नाही ना तिथे.”

फोन ठेवल्यावर त्यानं कप धुतला, पुसला आणि जागेवर ठेवला. पाहुणे कप धुवत नाहीत. तेवढ्यावरून तरी कुणाच्या लक्षात यायला हवं होतं.

मग तिसऱ्या रविवारी सकाळी डोरीननं ते नळासमोरचं अर्धं वाक्य टाकलं. पुढचं तिनं वीसेक मिनिटांत सगळ्यांना सांगितलं, तेव्हा मलाही जोडता आलं. तिच्या वहिनीनं म्हणे या माणसाला बिशपबरोबर पाहिलं होतं. मोटारी लावतात त्या जागेत दोघं कितीतरी वेळ बोलत होते, आणि बिशपनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. आणि बिशपच्या कार्यालयातून यंदा पत्र तर आलंच होतं, आगमनकाळात पाहुण्यांचं नीट स्वागत करा म्हणून. दोन आणि दोन चार.

“आपलं चर्च चालू ठेवायचं की पलीकडच्या गावच्या चर्चमध्ये मिसळायचं, ते हा ठरवणार,” डोरीन म्हणाली. “आणि आपण त्याला दोन रविवार साधं बिस्किटसुद्धा विचारलं नाही.”

“तूच म्हणालीस आठवाला आहे,” वर्ना म्हणाली.

“मी म्हणाले दिसतो. दिसणं वेगळं.”

त्या दिवशी वर गुलाबी मेणबत्ती लावतात. तिसरा रविवार आनंदाचा, म्हणून जांभळ्या मेणबत्त्यांत ती एक गुलाबी. खाली तो आला आणि त्याला माझ्यापर्यंत पोचूच दिलं नाही. कुणी खुर्ची ओढली, कुणी लिंबाची वडी दिली, कुणी त्याचा कोट घेतला. डोरीननं स्वतः कॉफी नेऊन दिली, आणि वर दूध विचारलं. नाव विचारलं, तेव्हा कळलं, अँसेल हॉवलँड. त्यानं सांगितलं की तो बोटी बांधायचा. बायकोचं नाव लेनोरा होतं, तिला इथला किनारा आवडायचा म्हणून घर घेतलं. तो बोलत होता, बिचारा, खूप दिवस बंद असलेला नळ सोडल्यावर येतं तसं आधी खळखळ आणि मग धो धो. समोरचे मान हलवत होते आणि मध्येच सांगत होते, छताचं काम आम्ही वर्गणीतून केलं, मुलंही येतात आमच्याकडे, आज जरा सर्दीची साथ आहे.

सगळे गेल्यावर तो कप ठेवायला आला. फोन कानाला होता.

“आज बोलले गं. पुष्कळ बोलले... कशाबद्दल? छताबद्दल.” आणि कप ठेवता ठेवता, “चांगली माणसं आहेत.”

मला त्या दिवशी तांबडा दिवा नसता तर बरं झालं असतं. उगाच पेटून राहिला होता.

पुढे व्हायचं ते झालं. आमच्या धर्मगुरू मार्गोबाई, तरुण आहेत, सरळ आहेत. त्यांच्या कानावर हे गेलं तशी त्यांनी सरळ बिशपच्या कार्यालयाला फोन लावला. चौथ्या रविवारी सकाळी स्वयंपाकघरात येऊन त्यांनी सांगितलं, “पाहणीला कुणालाही पाठवलेलं नाही. तो एक साधा माणूस आहे. कृपा करून त्याला साधाच राहू द्या.”

डोरीन माझ्यात पाणी ओतत होती. म्हणाली, “मग एवढ्या लिंबाच्या वड्या कशाला खाल्ल्या त्यानं?”

“तू भरवल्यास म्हणून,” वर्ना म्हणाली.

उपासनेनंतर अँसेल खाली आला तो हातात ताटली घेऊन. कागदानं झाकलेली काकवीची बिस्किटं. स्वतः भाजलेली होती हे लांबून दिसत होतं, एकेकाचा आकार वेगळा. त्यानं ती इतर पदार्थांमध्ये ठेवली, कागद काढून घडी घालून खिशात ठेवला आणि वाट बघत उभा राहिला. गेल्या रविवारचे सगळे चेहरे होते. पण कुणी खुर्ची ओढली नाही. फसल्यावर माणसाला दुसऱ्याचा राग येतो, त्यानं फसवलेलं नसलं तरी. ते लांबूनच “हॅलो” म्हणाले आणि वळले. शिवाय त्या दिवशी घाई होती. आमच्याकडे आगमनकाळ संपेपर्यंत चर्च उघडंबोडकं ठेवतात, एक डहाळीसुद्धा लावत नाहीत. चौथ्या रविवारची कॉफी झाली की सगळे मिळून वर जातात आणि फर झाडाच्या डहाळ्यांच्या माळा, हिरवी तोरणं एका दुपारी चढवतात. हॉल बघता बघता रिकामा झाला.

तो माझ्यापाशी आला. हात ठेवला. मी निम्माच भरलेला होतो, तेही निवत आलं होतं.

वर्ना मला रिकामं करायला आली तेव्हा तो तिथेच होता. तिनं कढई पुसायच्या फडक्यानं हात पुसले आणि फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाली,

“एक विचारते. रागावू नका. तुम्ही आठचे ना?”

“आठचा म्हणजे?”

“सकाळच्या आठच्या उपासनेला येणारे.”

“नाही हो,” तो म्हणाला. “मी कुठलाच नाही.”

वर्नानं माझी तोटी बंद केली. त्यानं मग सांगितलं, फार सांगितलं नाही. लेनोरा ऑगस्टमध्ये गेली. त्यांचं जुनं चर्च बंद पडलेलं, म्हणून दफनाची प्रार्थना बिशपनं केली. त्यानंतर मोटारीपाशी उभं राहून बिशप म्हणाले, आगमनकाळात घरी एकटे बसू नका. सेंट बार्नबसला जा. तिथली माणसं तुम्हाला एकटं बसू देणार नाहीत.

“असं म्हणाले?” वर्नानं विचारलं.

“शब्दशः.”

ती टेबलापाशी गेली. ताटलीतलं एक बिस्किट उचललं, मोडलं, खाल्लं.

“तळ जळलाय.”

“माहितीय. ती खाली कागद घालायची. मला आज ताटलीवर ठेवताना आठवलं.”

“मग पुढच्या वेळी भाजताना घाला.” तिनं दुसरं उचललं. “मी तुम्हाला चार रविवार दारात उपासनेचा कागद दिला. तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही.”

त्यानं ताटली तिच्याकडे सरकवली. नाही म्हणाला असता तर ते खोटं झालं असतं.

तेवढ्यात वरून डोरीनची हाक आली, “अगं वर्ना, कुणी उंच माणूस आहे का खाली? कमानीला हात पोचत नाहीये कुणाचा.”

वर्नानं त्याच्याकडे पाहिलं. “चला. कोट काढून ठेवा, डहाळ्यांचा चीक लागेल. आणि शिडीची डावी बाजू डुगडुगते, तिकडे भार देऊ नका.”

तो गेला. वर शिडी ओढल्याचा आवाज आला, कुणी तरी “जरा डावीकडे, अहो डावीकडे” म्हणत होतं, आणि त्याचा आवाज, “डावीकडेच आहे, तुमचं डावं वेगळं आहे.” कुणी हसलं. कोण ते मला कळलं नाही.

डोरीन दोरा शोधायला खाली आली, तेव्हा वर्ना मला धूत होती. तिनं सगळं सांगितलं. डोरीननं ऐकून घेतलं, कात्री खाली ठेवली, आणि तरी तिच्यानं राहवलं नाही.

“म्हणजे बिशपनं पाठवलं होतं, हे खरं ना?”

“पाठवलं होतं,” वर्ना म्हणाली. “बघायला नाही. बसायला.”

डोरीन दोरा न घेताच वर गेली.

मला उलटं करून निथळत ठेवलं, आणि संध्याकाळी कपाटात. नाताळच्या आदल्या रात्री उपासना होते पण कॉफी नसते, लोक मेणबत्त्या विझवून घरी जातात. त्यामुळे तो आला की नाही, घर विकायला काढलं की राहिलं, मला काहीच माहीत नाही. इथे काळोख आहे, पेले आहेत. वर्ना पुढच्या रविवारी काढेल तेव्हा कळेल. तोवर मी असा थंड.

तुमच्याही गावात असा एखादा हॉल असेल, असा एखादा बंब असेल. त्याच्यापाशी कुणी कप धरून उगाच रेंगाळताना दिसलं, तर त्याला आणखी कॉफी हवीय असं समजू नका. ती मी दिलेली असते. माझ्याकडे तेवढंच आहे.