वळणावरचा पिवळा झेंडा

भातकापणी झाली की खालापूरजवळच्या मोकळ्या शेतांत मोटारींची शर्यत भरायची. तिथं तिसऱ्या वळणावर झेंडा घेऊन उभं राहायचा मान सहदेवचा. कर्जत-खोपोली मार्गावर तीस वर्षं तो रेल्वेचा फाटकवाला होता आणि तीस वर्षांत त्याच्या हातून चुकीचा झेंडा एकदाही हलला नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा, कुणी विचारो न विचारो.

त्या दिवशी उपांत्य फेरीत त्याच्याच वळणावर दोन गाड्या भिडल्या. पुढे त्याची पुतणी सुप्रिया, मागे खोपोलीचा तालिब. लागलं कुणालाच नाही, पण तालिबच्या गाडीचं नाक पार चेपलं. नियम साधा होता: ज्याची चूक तो बाद, दुसरा अंतिम फेरीत.

पंच होते गॅरेजवाले मोहियुद्दीनभाई. त्यांनी दोघांना समोर उभं केलं.

"हिनं मोकळ्या वाटेत मुद्दाम ब्रेक मारला," तालिब म्हणाला. "मी धुळीत होतो, मला काय दिसणार?"

"मुद्दाम कशाला मारीन? पिवळा झेंडा हलला. पिवळा म्हणजे पुढे धोका, हळू हो. मी झाले," सुप्रिया म्हणाली.

"धोका व्हता कुठं?"

मोहियुद्दीनभाई वळले. "सहदेव, तू झेंडा दाखवलास काय रं?"

सहदेवनं हातातल्या झेंड्याकडे पाहिलं. ट्रॅकला लागूनच त्याचं वालाचं शेत. त्यात कुणाची तरी म्हैस शिरून खुशाल चरत होती, आणि हातात काय आहे हे न बघता त्यानं हात उंचावून तिला हुसकावलं होतं. नाही म्हणावं तर पोरगी खोटी पडून बाद. म्हैस ट्रॅकवरच येत होती म्हटलं की तो आणि पोरगी दोघंही सुटले, बाद होणार तो तालिब. झाकली मूठ सव्वा लाखाची! शब्द अगदी जिभेवर आले होते.

पण पोरीनं त्याच्या झेंड्यावर विश्वास ठेवून ब्रेक दाबला होता; त्याच झेंड्यावर आता खोटं चढवायचं?

"हलवला," तो म्हणाला. "पन धोका नव्हता. वालात म्हैस शिरली व्हती, तिला हाकलाया हलवला. पोरीची चूक नाय, या पोराचीबी नाय. माजी हाय."

"पुतणीला वाचवतोय म्हातारा," मागून कुणीतरी म्हणालं.

तालिब त्या आवाजाकडे वळला. मग मान हलवून म्हणाला, "नाय. काका दर शर्यतीला मला त्या फाटकाचं सांगतात, एकदाबी झेंडा चुकला नाय म्हणून. खोटं बोलायचंच असतं तर दुसरं कायबी बोलले असते."

मोहियुद्दीनभाईंनी निकाल दिला. तालिबची गाडी ठोकून सरळ झाली की दोघांची फेरी पुन्हा, आणि वळणावर दुसरा माणूस. सहदेवनं झेंडा त्यांच्या हाती दिला. सुप्रिया "काका" म्हणून पुढे आली, तशी त्यानं तिला गाडीकडे पिटाळलं.

"निकालाच्या कागदावर चूक माज्या नावावर नीट लिवा, भाई. पोरांच्या नावापुढं कायबी राहायला नको."

भाईंनी लिहिलं. सहदेवनं ते दोनदा वाचलं. फार वाईट वाटलं त्याला, पण त्यानं खाली सही केली.