गोपाळरावांच्या मनगटावरचं पुरळ

आमच्या गोपाळरावांना कुणी काही नेमून दिलं की ते जिवापाड पाळायचं, ही त्यांची जुनी खोड. रोह्याच्या शाळेत आयुष्यभर सायन्स शिकवलं, पोरांकडून नियम घोटून घेतले, त्याचा परिणाम असावा. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसला आणि आमच्या एकुलत्या एक लेकीने, तनयाने, बेंगळुरूहून त्यांना एक स्मार्टवॉच पाठवलं.

"बाबा, हे तुमचे ठोके मोजेल आणि मला इथे माझ्या फोनवर दिसतील. चार्जिंगपुरतं काढायचं, बाकी हातातच. आणि जरा घट्ट बांधा," असं तिने बजावलं.

झालं! गोपाळराव घड्याळासकट आंघोळ करू लागले, घड्याळासकट झोपू लागले. साबणाचा फेस पट्ट्याखाली शिरायचा, रोह्याजवळच्या आमच्या वरसे गावच्या दमट हवेतला घाम तिथेच मुरायचा, पण पट्टा एक भोक सैल करतील तर शपथ.

मे महिन्यात त्यांच्या मनगटाला खाज सुटली. आधी खाज, मग लाली, मग पाण्याने भरलेले बारीक फोड. एका दुपारी मी जबरदस्तीने घड्याळ काढलं आणि बघते तर काय, घड्याळाच्या पाठीची हुबेहूब गोल चकती त्यांच्या कातडीवर उठलेली. मनगटाच्या आतल्या बाजूला बक्कल टेकायचं, तिथे एक वेगळा चौकोन. पोस्टातला शिक्का बसावा तसं स्वच्छ दिसत होतं सगळं.

आमच्याकडे कामाला येते ती हौसा धरमतरच्या खाडीकाठची. हातातलं भांडं टाकून ती बघायला आली.

"काका, ता घड्याळ फेकून द्या आदी," ती म्हणाली. "हात नासल तुमचा."

"पण तनया काय म्हणेल?" हे गोपाळरावांचं उत्तर. मी कपाळावर हात मारून घेतला आणि त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी मनगट भिंगातून पाहिलं आणि भलताच प्रश्न विचारला, "कमरेच्या पट्ट्याचं बक्कल पोटाला लागतं, तिथे कधी खाज यायची का?"

गोपाळराव चपापले. "कॉलेजात असताना यायची," म्हणाले. बेंबीखाली त्यांना एक काळपट डाग आहे. मी तो लग्नापासून बघतेय. आम्ही दोघांनी तो उष्णतेचा म्हणून सोडून दिला होता.

"मग हे निकेल धातूचं काम दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "घाम आणि साबणाने त्यात भर घातली. कातडीने एकदा एखाद्या धातूशी वैर धरलं की ती सहसा विसरत नाही. मधे कितीही वर्षं जाऊ देत, भेटला की ओळखते." मग त्यांनी मलम लिहून दिलं आणि घड्याळाला साफ मनाई केली.

मी बाहेर पडले ती थक्क होऊन. सकाळी भाजीत मीठ घातलं की नाही हे मला दुपारी आठवत नाही, आणि कातडीचा तो चतकोर तुकडा कॉलेजातल्या पट्ट्याचं बक्कल लक्षात ठेवून बसला होता! कुणी सांगितलं होतं त्याला? कुठे साठवलं होतं त्याने? घरी येईपर्यंत मी माझ्या स्वतःच्या हाताकडे बघत होते. ही कातडी आपण रोज धुतो, पुसतो, आणि तिच्या मनात काय चाललंय याचा आपल्याला पत्ताच नसतो.

पण आता तनयाचं काय करायचं? तिला सातवा महिना लागला होता. ब्लडप्रेशर वाढल्यामुळे डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं होतं, डोहाळजेवणही रद्द झालं होतं. घड्याळ चार्जिंगला थोडं जास्त राहिलं तरी तिचा फोन यायचा. सकाळी उठल्यावर ती आधी बाबांचे ठोके बघायची, मग दात घासायची. तिला पुरळाचं सांगितलं असतं तर दुसरं घड्याळ येईपर्यंत तिने डोळ्याला डोळा लावला नसता.

आम्ही आधी मनगटावर रुमाल गुंडाळून त्यावर घड्याळ बांधून बघितलं. घड्याळाला रुमालाची नाडी काही सापडेना. शेवटी माझंच डोकं फिरलं.

"आणा इकडे," मी म्हटलं आणि ते माझ्या हातात बांधलं. "ठोके दिसले म्हणजे झालं. कुणाचे आहेत, ते कोण विचारतंय? तुमचा हात बरा झाला की सावकाश सांगू तिला."

गोपाळराव म्हणाले, "ही फसवणूक आहे, सुहास." पण ते बोलताना खाजवतही होते, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

मी घरी शिवणाचे क्लास घेते. त्या दुपारी मुली गेल्यावर मशीनपाशी बसले होते आणि सहज घड्याळ उलटं करून पाहिलं. खाली हिरवा उजेड लुकलुकत होता. परत बांधलं, तर काचेवर एक लाल बदाम धडधडायला लागला आणि शेजारी आकडा आला. आकडा हलत होता. मी उठले, आकडा चढला. बसले, उतरला. कुकरची शिट्टी झाली, मी दचकले आणि तोही दचकला. संध्याकाळी तनयाचा व्हिडिओ कॉल आला. तिचा सुजलेला, दमलेला चेहरा दिसला आणि माझ्या हातातला आकडा भराभर वर गेला. मी पदराखाली मनगट लपवलं. एवढी वर्षं हे आत बसून माझं सगळं ऐकत होतं, माझ्या लेकीला ओळखत होतं, आणि मी एकदाही त्याची चौकशी केली नव्हती. ह्यांच्या हृदयाच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ मी काढून देत होते. माझं हृदय म्हणजे ते आपलं चालतंच, पाटाच्या पाण्यासारखं.

बाकी फसवणूक झकास चालली होती. तनया कौतुकाने म्हणाली, "बाबा, कमाल आहे! तुमची पावलं दुप्पट झालीत!" गोपाळराव खुर्चीत बसून आंबा खात होते. "हो, जरा मनावर घेतलंय," म्हणाले. मी स्वयंपाकघर, गच्ची आणि बाजार करून दमलेली, आणि शाबासकी ह्यांना! रात्री जेवताना मी त्यांना एक पोळी कमी वाढली.

दमायला मात्र मला अलीकडे जास्तच होत होतं. हौसा एकदा म्हणालीही, "बाय, तू जिन्यात मधीच थांबतंस गो. काका नाय थांबत." मी तिला म्हटलं, पित्त झालंय. छातीत फडफडायचं, त्यालाही पित्तच म्हणायचे. आलं-लिंबाचं पाचक घेतलं की बरं वाटायचं, किंवा वाटतंय असं मी ठरवायचे.

एका रविवारी सकाळी तनयाचा फोन आला. ती रडत होती.

"आई, बाबांच्या ठोक्यांची लय चुकतेय. घड्याळाने दुसऱ्यांदा इशारा दिलाय. काल मला वाटलं चुकून आला असेल. तू त्यांना ताबडतोब पेणला घेऊन जा, हृदयाच्या डॉक्टरांकडे. प्लीज, आई."

गोपाळराव समोर पेपर वाचत होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. घड्याळ माझ्या हातात होतं आणि देवाशपथ सांगते, तरीही आमच्या दोघांच्याही डोक्यात माझं नाव आलं नाही.

"भांडी घासताना पाणी गेलं असणार आत," गोपाळराव म्हणाले.

"नाहीतर काय," मी म्हटलं. "बिघडलं मेलं."

पण तनयाचा जीव थाऱ्यावर यायला हवा होता. पेणच्या डॉक्टरांनी ह्यांना तपासून सगळं ठीक आहे म्हटलं की प्रश्न मिटला, असा आम्ही विचार केला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या निलेशची गाडी केली. वडखळच्या आसपास डोलवीच्या कंपनीचे ट्रेलर रांगेने उभे होते आणि निलेश आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "काकी, टेन्शन नाय घ्यायचा. काका एकदम फिट हायेत." मला कसलं टेन्शन असणार! मी आपली बिघडलेलं घड्याळ पर्समध्ये टाकून निघाले होते.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी गोपाळरावांचा कार्डिओग्राम काढला. कागदाची पट्टी सरळ, नेटकी आली. मी पर्सची चेन लावून उठायच्या तयारीत बसले, पण डॉक्टर ह्यांच्या फोनवरच्या नोंदी बघतच राहिले. मग त्यांनी फोन आमच्याकडे वळवला.

"आत्ता पट्टी चांगली आली म्हणून निर्धास्त होता येणार नाही," ते म्हणाले. "ही चुकीची लय येते आणि जाते. ती येते तेव्हा हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथे रक्त साचतं, गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली तर पक्षाघात. हे बघा, परवा दुपारी, या वेळी."

मी वाकून बघितलं. परवाची ती दुपार एका रेषेत काढलेली होती. सपाट रेघ होती, मग एक उंच चढ. त्या वेळी मी फेण्या वाळत घालायला गच्चीवर गेले होते. त्यानंतर रेघ दातेरी झाली होती, मी जिन्यात बसून राहिले होते तेव्हाची. मग पुन्हा हळूहळू खाली. संध्याकाळचा तो छोटा उंचवटा तनयाच्या फोनचा. माझा अख्खा दिवस तिथे होता, क्षण न् क्षण. पाणी शिरून बिघडलेल्या यंत्राला गच्ची आणि जिना कसा कळेल?

"नुसत्या घड्याळावर मी विसंबत नसतो, पण तुम्हाला स्टेंट आहे, धोका पत्करायला नको," डॉक्टर गोपाळरावांना सांगत होते. "रक्त पातळ ठेवायची एक गोळी आजपासून सुरू करू. स्टेंटच्या गोळ्या चालूच आहेत, त्यामुळे कुठे रक्तस्राव होतोय का, यावर बारीक लक्ष ठेवावं लागेल." आणि त्यांनी पेन उचललं.

गोपाळराव माझ्याकडे बघत होते. तीस वर्षं फळ्यावर लाल-निळ्या खडूने हृदय काढून शिकवणारा माणूस शाळेतल्या पोरासारखा शर्टाचं बटण फिरवत होता. खरं सांगितलं तर आम्ही दोघं त्या खोलीत वेडे ठरणार होतो. नाही सांगितलं तर माझ्या आजाराची गोळी त्यांच्या पोटात जाणार होती.

"डॉक्टर, लिहू नका," मी म्हटलं. "ते हृदय माझं आहे."

मग पुरळापासून सगळं सांगितलं. डॉक्टर हसतील किंवा ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त गोपाळरावांचं मनगट हातात घेतलं, वाळत आलेल्या त्या गोल चकतीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "काकू, पलंगावर झोपा."

मशीनमधून माझी पट्टी बाहेर आली. डॉक्टरांनी ती ह्यांच्या पट्टीशेजारी ठेवली. मला कार्डिओग्राम वाचता येत नाही, पण टाका वाचता येतो. गोपाळरावांचा धावदोरा सरळ होता, टाक्याटाक्यात सारखं अंतर. माझा मात्र पहिल्या दिवशी क्लासला आलेल्या मुलीने घातल्यासारखा होता, एक टाका लांब, दोन जवळजवळ, मग रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेकडे मी बघत राहिले. तिथे मी थांबले होते, आणि परत सुरूही झाले होते. न सांगता, न विचारता.

"पुढच्या तपासण्या करू. पण वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. "हे कळायला पुष्कळदा पक्षाघातच व्हावा लागतो."

त्यांनी गोळी लिहिली आणि वर माझं नाव घातलं, सुहासिनी. बाहेर बाकड्यावर बसून मी तनयाला फोन लावला. आधी बाबा ठणठणीत आहेत असं सांगितलं, मग बाकीचं, जमेल तितक्या हळू. ती चिडेल म्हणून मी तयार होते.

"आई," ती म्हणाली, "म्हणजे एवढे दिवस मी सकाळी उठून तुझं हृदय बघत होते?"

फोन गोपाळरावांनी घेतला.

परतताना मी घड्याळ पर्समधून काढून पुन्हा हातात बांधलं. हिरवा उजेड लागला. मला काही झालं नव्हतं, ना खाज ना लाली. माझ्या कातडीचं त्या धातूशी काही भांडण नव्हतं. ह्यांच्या कातडीचं होतं, लग्नाच्याही आधीपासून. त्या भांडणामुळे घड्याळ माझ्या हातात आलं. त्या बेंबीखालच्या डागाला मी आयुष्यभर नावं ठेवली होती. आता त्याला मनातल्या मनात हात जोडले.

नागोठणं मागे पडलं तेव्हा गोपाळरावांनी माझा उजवा हात ओढून घेतला. घड्याळाकडे त्यांनी पाहिलंही नाही. पोरांना शिकवायचे तशी अंगठ्याखाली तीन बोटं ठेवली आणि खिडकीबाहेर बघत मोजायला लागले. त्यांच्या मनगटावरची चकती आता फिकट तपकिरी झाली होती, कडेने साल निघत होती. गाडी खड्ड्यातून गेली की त्यांची बोटं सुटायची, ते पुन्हा शोधून ठेवायचे.

"चुकतंय ना?" मी विचारलं.

"चुकतंय," ते म्हणाले. "पण चाललंय गं, सुहास. चाललंय."

घर येईपर्यंत त्यांनी हात सोडला नाही.